मास्तरांचे आकडे

"बाई, हे काय करून ठेवलंत? आमच्या आईचा जन्म बावन्नचा, तुम्ही पंचवीसचा केलात! एका फटक्यात सत्तावीस वर्षांनी म्हातारी केलीत की तिला!"

गिऱ्हाईक हसत होतं म्हणून निभावलं. पण आठवड्यातली ही तिसरी चूक. आधीच्याचा तर अर्जच कचेरीतून परत आला होता, आणि तो काही हसला नव्हता.

टायपिंगचं दुकान ते केवढं! एक टेबल, एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या. अक्षरं बाई टाइप करायच्या आणि आकडे मास्तर. मास्तर म्हणजे बाईंचे यजमान. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, आणि निवृत्त होऊन वर्ष होतं न होतं तोच अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. तीन महिने माणूस भिंतीकडे तोंड करून पडून होता. चहा आणला तर "ठेव", एवढंच.

मग बाईंनी तो छोटा कीबोर्ड आणला, नुसत्या आकड्यांचा. त्याची वायर कॉम्प्युटरच्या यूएसबीच्या खाचेत घातली की मोठा कीबोर्डही चालू आणि हाही चालू. मास्तर डाव्या हाताच्या तीन बोटांनी आकडे टाकू लागले. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःहून दाढी केली आणि इस्त्रीचा शर्ट मागितला. बाई स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडल्या.

आणि आता हे असं. बावन्न म्हटलं की मास्तरांचं बोट आधी दोनावर पडायचं, मग पाचावर. "अहो, एकदा बघून घ्या ना," म्हटलं की चेहरा एवढासा व्हायचा. खुर्चीवरून उठवावं तर पुन्हा ती भिंत. बाईंचा जीव नुसता टांगणीला.

शेवटी एका सकाळी मास्तर आंघोळीला गेलेले पाहून बाईंनी वायर कॉम्प्युटरमधून काढली आणि टेबलामागच्या मोबाईलच्या चार्जरमध्ये खुपसली. खाच तशीच असते. कीबोर्डचा लाल दिवा लागतो, पण दाबलेला आकडा कॉम्प्युटरपर्यंत काही पोचत नाही. मास्तरांचं बोट पडलं की बाई मोठ्या कीबोर्डवरून झटकन बरोबर आकडा टाकायच्या. चुका थांबल्या.

"बघ, बसला की नाही हात?" मास्तर म्हणाले.

"बसणार नाही तर काय!" बाई म्हणाल्या. एकेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला असं फसवलं नव्हतं हो त्यांनी कधी. घास गोड लागेना.

असे चार महिने गेले. एकदा बाई आतून कागदाचा गठ्ठा आणायला उठल्या, तेवढ्यात मुलीच्या शाळेचा अर्ज करायला आलेली एक आई म्हणाली, "मास्तर, तेवढी जन्मतारीख टाकून टाका ना. घाई आहे हो."

बाईंनी गठ्ठा तिथेच टाकला. तशाच दाराशी आल्या, तर मास्तरांनी कीबोर्डला हातही लावला नव्हता.

"मी दाबून काय उपयोग, ताई," ते हळू आवाजात सांगत होते. "माझी वायर जोडलेलीच नाही. ती येऊ दे, तीच टाकते. तिच्यापाशी बोलू नका हं. मला या खुर्चीत बसवून ठेवायला बिचारी फार धडपडते."

बाई दारातच थिजल्या. मग उगाच खोकल्या, पाय आपटत दुकानात आल्या आणि खुर्चीवर बसल्या. "हं, सांगा तारीख."

शेजारी मास्तरांची बोटं रोजच्यासारखी हलली. बाईंनीही टाइप केलं, पण समोरचं काही दिसेल तर शपथ.

"अहो, हे छत्तीस झालं!" ती आई म्हणाली. "छत्तीस तारीख कुठल्या महिन्यात असते?"

बाईंच्या चष्म्याखाली पाणी साचलं होतं.

मास्तरांनी घसा साफ केला. "माझ्याकडून झालं ते. हात अजून नीट बसलेला नाही." आणि बाईंकडे न बघता म्हणाले, "तू पुन्हा सांग गं. मी नीट टाकतो."

त्या आईने मुकाट्याने मान खाली घातली.

"सव्वीस," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी अगदी सावकाश आधी दोन दाबला, मग सहा.