भिंत परवा

कमी बोलणं ही स्वराजची जुनी खोड. गावी, सुदुंबऱ्याला, आई म्हणायची, "ह्याच्या तोंडाला कुलूप हाय." लोणावळ्याजवळच्या बंगल्याच्या बांधकामावर तो सुपरवायझर झाला आणि त्याला ही खोड गुणच वाटू लागली.

बंगल्याला पुढच्या अंगाला लांबलचक छज्जा होता. त्याच्या मागच्या कडेवर भिंत चढवायची, तिच्या वजनानं छज्जा तोलला जायचा, आणि मगच खालचे टेकू काढायचे. हे सगळ्यांना पाठ होतं. अंबाजी गवंडी सोमवारी भिंत बांधणार असं ठरलंही होतं. पण सुटीला आलेल्या गाड्यांनी रस्ता तुंबला, विटांचा ट्रक आलाच नाही, आणि भिंत शुक्रवारवर गेली. ही बातमी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फिरली. आर्किटेक्ट, ठेकेदार, गवंडी, सगळ्यांनी अंगठे टाकले. ग्रुपात नव्हता तो एकटा बुधा, टेकू लावणारा आणि काढणारा. वाचता येत नाही म्हणून त्याला कुणी घेतलंच नव्हतं. नवरदेव सोडून सगळं वऱ्हाड जमलं होतं म्हणायचं.

बुधा डोंगरावरच्या वाडीतला, साठीला आलेला. त्या आठवड्यात तो आंबी गावातल्या दुसऱ्या कामावर होता. बुधवारी सकाळी स्वराजनं त्याच्या फोनवर आवाजी निरोप पाठवला, "बुधाभाऊ, छज्ज्यावरची भिंत परवा. मग टेकू काढा."

स्वराजची परवा म्हणजे शुक्रवार. बुधाला माहीत होता तो सोमवार, म्हणजे होऊन गेलेली परवा. तो दुपारीच आला. वर हिरवी जाळी बांधलेली, खालून भिंत झाली की नाही ते दिसेना. झालीच असणार म्हणून त्यानं टेकू काढायला घेतले. स्वराज तेव्हा कामशेतला सळ्या आणायला गेला होता. तो परतला तेव्हा छज्जा खाली होता आणि बुधा त्याच्याखाली.

मग बैल गेला नि झोपा केला. रोज सकाळी सगळ्या टोळ्यांनी जमायचं, काम तारखेनं बोलायचं, फळ्यावर लिहायचं, असं ठरलं. मेलेला काही उलटून बोलत नाही, म्हणून "त्यानं विचारलंच नाही" हेही ठरलं. ठेकेदार स्वराजला बाजूला घेऊन म्हणाला, "तू गप्प राहा, तुझं नाव कशाला मधे?" गप्प राहणं तर स्वराजला येतच होतं. पण त्याला अन्न गोड लागेना.

आठव्या दिवशी तो वाडीवर गेला. बुधाची बायको कमळाबाई ओट्यावर बसली होती.

"सायेब, ठेकेदार सांगून गेला, ह्येंचीच चूक म्हनून. तीस वरसं टेकू लावलं ह्येनी. आसं कसं चुकलं?"

तिनं बुधाचा फोन काढला, बोटानं चाचपत बटण दाबलं. स्वराजला स्वतःचाच आवाज ऐकू आला. बुधाभाऊ, छज्ज्यावरची भिंत परवा. मग टेकू काढा.

"रोज ऐकती मी ह्ये. सोमवारी भिंत हुनार, आसं ह्येनी घरी बोललं व्हतं. मला बी वाटतंय, झालीच आसंल. तुमीच सांगा, ह्येंचं काय चुकलं?"

वाटेत जुळवलेली वाक्यं स्वराजनं सोडून दिली.

"न्हाई मावशी. त्यांचं काहीच चुकलं न्हाई. भिंत पुढं गेलती, ते त्यांना कुणी कळवलंच न्हाई. मी शुक्रवार म्हणायला हवं होतं. चूक माझी. पोलिसांना पण हेच सांगणार."

कमळाबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फोन पदराला पुसला आणि कनवटीला खोचला.

"परवा दहावा हाय," ती म्हणाली. "समदी भावकी आसंल. तितं सांगा, मोठ्यानं."

स्वराजनं होकारार्थी मान हलवली. तो उठून पायऱ्या उतरला तशी तिनं मागून हाक मारली.

"सायेब, शुक्करवारी," ती एकेक अक्षर सुटं करून म्हणाली. "येनाऱ्या शुक्करवारी."

स्वराज तिथंच पायरीवर बसला आणि हमसून रडू लागला.