एकशे चाळीस ठोके

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. पण वरातीतला नव्हे आणि गिरणीवरचाही नव्हे. मी अॅल्युमिनिअमचा, वीतभर लांबीचा आणि दोन्ही तोंडांनी उघडा आहे. माझं रुंद तोंड आईच्या पोटावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाच्या चकतीला नर्सबाईने कान लावायचा आणि पोटातल्या बाळाचे ठोके मोजायचे, एवढंच माझं काम. डॉक्टर मला फिटोस्कोप म्हणतात. आमच्या वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या नरसाळं म्हणतात. "काय वो बाई, सुनेच्या पोटात तेल ओतून राहिल्या का या नरसाळ्यानं?" हा विनोद मी शेकडो वेळा ऐकला आहे. पूर्वी मला त्याचं हसू यायचं. आता हसूही येत नाही आणि रागही येत नाही. चांदूर बाजार तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्राच्या कपाटात मी कापसाच्या बंडलामागे पडून असतो.

माझा कारखाना मला आठवत नाही. आठवतं ते अकोल्यातलं एक नर्सिंगचं वसतिगृह आणि तिथल्या शिक्षिका सत्यवतीबाई. पांढरी साडी, डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी, छातीशी पिनेने अडकवलेलं घड्याळ. युद्धात कंदील घेऊन जखमींमध्ये फिरणाऱ्या परदेशी बाईंची गोष्ट तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचली असेल. सत्यवतीबाई ती गोष्ट एका तासात उरकायच्या आणि मग आपल्या गावच्या सुईणीची सांगायच्या. त्यांच्या गावी माणिकबाई नावाची सुईण होती. ती पोटावर पदर टाकून त्यावर थेट कान ठेवायची. बाळ जिवंत आहे की नाही, एवढं ती सांगायची, आणि तिचं बहुधा खरं निघायचं. पण ठोके किती, सकाळी किती होते, आता किती झाले, हे तिला सांगता येत नसे. तिला आकडे येत नव्हते आणि तिला ते कुणी शिकवलेही नव्हते.

"सुईन ऐकते. नर्स ऐकते, मोजते अन् लिहिते," सत्यवतीबाई म्हणायच्या. "लिहिलं नाही तं केलं नाही, हे ध्यानात ठेवा पोरींनो."

मित्रांनो, नर्सिंगचा सगळा इतिहास मला तरी या तीन वाक्यांत दिसतो. पूर्वी रुग्णाची सेवा म्हणजे पुण्याचं काम होतं किंवा मग हलकं काम होतं. मधलं काही नव्हतं. मोजायला आणि लिहायला लागल्यावर त्याचा पेशा झाला.

त्या वर्गात जमुना होती. तिचे वडील पुंजाराम काळ्या मातीत कपाशी पेरणारे. पोरगी नर्सिंगला जाते म्हटल्यावर ते आठ दिवस तिच्याशी बोलले नव्हते. "लोकायचं हागनं-मुतनं काढाले धाडू का मी पोरीले? सोयरीक कोन करन मंग?" असं त्यांनी अख्ख्या गावासमोर विचारलं होतं. जमुना तरी गेली. तिचे कान फार तीक्ष्ण होते. मला लावताना हाताने धरायचं नसतं, कानानेच दाबून धरायचं असतं. एका हाताची बोटं आईच्या मनगटावर ठेवायची, म्हणजे आईची नाडी आणि बाळाचे ठोके यांची गल्लत होत नाही, आणि नजर घड्याळावर. पोरींना हे जमायला महिना लागायचा. जमुनाला तिसऱ्या दिवशी जमलं. वसतिगृह सोडताना सत्यवतीबाईंनी मला तिच्या पिशवीत टाकलं.

पुढची तीस-पस्तीस वर्षं मी जमुनाबाईंच्या कानाला होतो. काचेच्या सिरिंजा उकळायचे दिवस गेले आणि एकदा वापरून फेकायच्या आल्या. टोपी गेली, साडी गेली, पंजाबी ड्रेसवर पांढरा कोट आला. अठरा महिन्यांच्या शिक्षणाच्या जागी चार वर्षांची पदवी आली, मुलगेही नर्स होऊ लागले. पुंजारामांच्या गावात आता लोक नर्स सून शोधत फिरतात. मी मात्र तसाच राहिलो. एकदा कौंडण्यपूरच्या यात्रेत आरोग्य पथकाच्या तंबूत एका बाईला कळा सुरू झाल्या. चारी बाजूंनी लाऊडस्पीकर, पाळणेवाल्यांचा गलबला. जमुनाबाईंनी डोळे मिटले, मला टेकवलं आणि त्या सगळ्या गोंगाटातून ठोके मोजून काढले. डॉक्टर म्हणाले, "कान आहेत की काय आहे!" त्या दिवशी मला माझा अभिमान वाटला होता. तो शेवटचा अभिमान असावा.

रोज तेच काम केलं की माणूस त्यात निबर होतो. जमुनाबाई रडायच्या थांबल्या, मग हसायच्याही थांबल्या. निरोगी बाळाचे ठोके साधारण एकशे चाळीसच्या आसपास असतात. दिवसभरात दहा आया तपासल्या तर आठजणींच्या कागदावर एकशे चाळीसच येतं. हात आपोआप ते लिहायला शिकतो. मी हे पाहत होतो आणि त्यात काही वावगं आहे असं मलाही वाटलं नाही.

मग त्यांचे कान गेले. एकदम गेले नाहीत, दोन-तीन वर्षांत हळूहळू गेले. कुणी बोललं की त्या ओठांकडे बघायच्या. काही कळलं नाही तर पंख्याला दोष द्यायच्या. सगळा तालुका ज्यांच्या कानांची तारीफ करायचा, त्यांनी कोणत्या तोंडाने सांगायचं? निवृत्तीला आठ महिने उरले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्या गप्प राहिल्या. केंद्रात ठोके मोजायचं नवं यंत्र आलं होतं. पोटावर ठेवलं की खोलीभर आवाज घुमतो आणि आकडा वर दिसतो. त्या यंत्राने त्यांची अडचण सहज सुटली असती. पण त्या त्याला हात लावायच्या नाहीत, कारण हात लावला तर लोक विचारतील, जमुनाबाईले मशीन कावून लागते?

फाल्गुनातल्या एका सकाळी शकुन आली. पहिलंच बाळंतपण. भाजीपाला पिकवणाऱ्या घरची सून. नवरा किशोर गाडीभर वांगी घेऊन बाजाराला गेला होता, म्हणून सोबत सासू गोदाबाई आली होती. डॉक्टर मीटिंगसाठी अमरावतीला गेले होते. चंदा नावाची नवी नर्स, बीएस्सी झालेली, शेजारच्या गावी गरोदर बायांच्या तपासणीला गेली होती आणि यंत्र तिच्याबरोबर होतं.

अकरा वाजता जमुनाबाईंनी मला शकुनच्या पोटावर टेकवलं. ठोके चांगले होते, एकशे छत्तीस. मी ते त्यांच्या कानापर्यंत नेले. पुढे ते गेले नाहीत. त्या घड्याळाकडे मिनिटभर बघत राहिल्या, उठल्या आणि कागदावर १४० लिहिलं. साडेअकराला तेच.

बाराला ठोके उतरले होते. कळ ओसरली तरी ते वर येत नव्हते. शंभर, मग नव्वद. मी धातूचा तुकडा, मला आवाज पुढे नेता येतो, स्वतःचा काढता येत नाही. बाईंचा कान माझ्यावर घट्ट दाबलेला होता. त्याची ऊब मला लागत होती.

"सिस्टर, चांगलं हाय ना वो?" शकुनने विचारलं.

हे त्यांनी ओठांवरून वाचलं. "चांगलं हाय, माय," त्या म्हणाल्या आणि १४० लिहिलं.

साडेबाराला चंदा परत आली. तिने सहज म्हणून यंत्र लावलं. खोलीत आवाज घुमला, संथ, मध्येच अडकणारा. आकडा होता अठ्ठ्याहत्तर. चंदाने कागद बघितला, आकडा बघितला आणि फोन उचलला. गाडी आली. चंदा शकुनबरोबर गेली. अमरावतीला पोचल्यावर तिथल्या मंडळींनी काही कसर ठेवली नाही. मुलगी होती. ती रडली नाही.

संध्याकाळी परत आल्यावर चंदाने एवढंच विचारलं, "मॅडम, बारा वाजता एकशे चाळीस होते ना? मंग अर्ध्या तासात एवढे कसे काय उतरले?"

"होतं असं कधीकधी," जमुनाबाई म्हणाल्या. डॉक्टरही तेच म्हणाले. कागद तिन्ही वेळा एकशे चाळीस सांगत होता. लिहिलेलं होतं, म्हणजे केलेलं होतं. बाईंनी मला साबणाने धुतलं, पुसलं, कपाटात ठेवलं. मला वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. बाईंचा हातही लाकडासारखा वाटला.

पंधरा दिवसांनी शकुन टाके दाखवायला आली. गोदाबाईने पिशवीभर वांगी आणि मेथी आणली होती. ती तिने जमुनाबाईंच्या हातात कोंबली. "सिस्टर, तुमी होत्या म्हनून गाडी येळेवर भेटली. नाईतं सूनही गेली असती वो."

जमुनाबाई पिशवी धरून उभ्या राहिल्या. मी टेबलावर होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बाई, मले ऐकू येत नाही."

गोदाबाई जवळ सरकली आणि मोठ्याने ओरडली, "म्हनलं, तुमी होत्या म्हनून सून वाचली!"

"तसं नाही वो. तुमच्या सुनेच्या पोटाले हा लावला, तवाही मले ऐकू आलं नव्हतं. मी तसाच आकडा लिहिला."

गोदाबाईचं तोंड उघडंच राहिलं. शकुन पलंगावर बसली होती. तिने मान वर केली.

"कितीदा?"

"तीनदा."

"मी इचारलं, चांगलं हाय ना. तवा तुमी चांगलं हाय कावून सांगतलं?"

ती हे हळू बोलली, पण बाईंना तिचे ओठ दिसत होते. त्यांनी प्रश्न नीट वाचला. हातातली पिशवी पुढे केली. गोदाबाईने पिशवी परत घेतली नाही, घ्यायचं तिला सुचलंच नाही. सासूसुना निघून गेल्या.

त्या दुपारी जमुनाबाईंनी शकुनचा कागद काढला. नर्सच्या कागदावर चुकलेलं गिरवायचं नसतं, खोडरबरानेही पुसायचं नसतं. खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, बाजूला खरं लिहायचं आणि तारखेसह सही करायची. त्यांनी तीन रेघा मारल्या. तिन्ही ठिकाणी लिहिलं, 'ठोके ऐकू आले नाहीत.' तीन सह्या केल्या. चंदा मागे उभी होती.

"मॅडम, आता रिटायर व्हाले आल्या तुमी. सारं नाव जाईन."

"जाऊ दे," त्या म्हणाल्या, आणि कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून आल्या. चौकशी झाली. बाळंतपणाच्या खोलीतून त्यांना काढलं. उरलेले महिने त्या केसपेपरच्या खिडकीत बसल्या, कानात ऐकण्याचं यंत्र घालून. गावात कुणी त्यांना शिव्या दिल्या, कुणी म्हणालं खरं बोलली तरी. दोन्ही त्यांना आता स्वच्छ ऐकू येत होतं.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तूने म्हणायचं असतं की मला जपा, माझी हेळसांड करू नका. माझं तसं काही मागणं नाही. मला पुसलं काय आणि धूळ खाऊ दिलं काय, माझं काम आता यंत्र करतं, आणि चांगलं करतं. तुमच्यातलं कुणी उद्या नर्स होईल, कुणी दुसरं काही. कुणीतरी घाबरलेलं माणूस तुम्हाला विचारेल, चांगलं आहे ना? तेव्हा कळलं नसेल तर कळलं नाही म्हणा. लाज वाटेल, तरी म्हणा. शकुनची मुलगी वाचलीच असती असं मी म्हणणार नाही, ते मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की शकुनने बारा वाजता विचारलं होतं, आणि "मले ऐकू नाही आलं" असं उत्तर बारा वाजता मिळालं असतं, तर गाडी बारा वाजता निघाली असती.