वाक्याला कर्ता हवा

आमच्या साहेबांना ऑफिसात सगळे मार्जिनराव म्हणायचे, अर्थात पाठीमागे. डॉक्युमेंटेशनच्या, म्हणजे कामाच्या लेखी सूचनांच्या, पानावर समास जरा इकडेतिकडे झालेला त्यांना खपत नसे. माझी पानं ते शेरे मारून परत पाठवायचे: 'तक्ता साच्यात नाही', 'वाक्य लांब'. तेवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी सगळ्या पानांना नवं रूप दिलं. त्या रंगरंगोटीत माझ्या एका कमांडमधली तिरकी रेघ गळाली. डेटाबेसच्या नावातल्या अंडरस्कोअरआधी ती रेघ नसली, की त्या जागी कुठलंही अक्षर चालेल असं यंत्र समजतं. सरावाच्या डेटाबेसपुरते द्यायचे अधिकार जवळजवळ त्याच नावाच्या खऱ्या डेटाबेसवरही मिळाले, आणि सरावाचा कचरा काढणाऱ्या प्रोग्रामने खरा माल साफ केला. बारा डायलिसिस केंद्रांतल्या रुग्णांच्या एका दिवसाच्या वेळा गेल्या. भर मीटिंगमध्ये मार्जिनराव म्हणाले, "पान हिनं लिहिलंय." माझे सगळे अधिकार काढून घेतले, फक्त वाचण्याचा ठेवला. पंधरा वर्षं डेटाबेस सांभाळणारी मी स्वल्पविराम तपासत बसले. गळालेल्या रेघेबद्दल तीनदा लेखी कळवलं. तिन्ही वेळा उत्तर एकच: 'मजकुराचा प्रश्न, फॉरमॅटचा नाही.' मी ते गिळलं, पण पचवलं नाही.

परवा सकाळी त्यांनी स्वतः त्याच पानावरून कमांड उचलली आणि चालवली. अकराच्या ठोक्याला सफाईचा प्रोग्राम सुरू झाला आणि पुन्हा खरा डेटाबेस पुसला गेला. आमच्याकडे प्रत्येक बदल लगोलग बाकीच्या सर्व्हरवर उतरतो, त्यालाच रेप्लिकेशन म्हणतात. एक सर्व्हर पडला तरी काम अडत नाही ते त्यामुळेच. पण पुसलेलंही तितक्याच इमानाने उतरतं. सगळ्या प्रती रिकाम्या झाल्या, आणि आदल्या दिवशीच्या बॅकअपमध्ये त्या सकाळचे बदल नव्हते.

एक प्रत मात्र शाबूत होती. अधिकार जायच्या आठवड्यात मीच ती मुद्दाम एक तास मागे ठेवली होती; प्रत्येक बदल तिच्यावर तासाभराने उतरायचा. तिची माहिती देणारं पान मार्जिनरावांनी साच्यात बसत नाही म्हणून काढून टाकलं होतं.

अकरा वीसला ते माझ्या टेबलाशी आले. "ती मागे चालणारी प्रत कुठे आहे?"

"आहे. बाराला तीही रिकामी होईल."

"मग थांबव ना."

"मला अधिकार नाहीत. पत्ता आणि कमांड सांगते, तुम्ही थांबवा. पण आधी त्या पानाखाली दोन वर्षांपूर्वीचं खरं लिहा. सगळ्यांना दिसेल असं."

"अगं, ही वेळ आहे का?"

"माझ्याकडे भरपूर आहे."

त्यांनी लिहिलं: 'फॉरमॅट बदलताना चूक झाली.' मी शेरा मारून परत पाठवलं: 'वाक्याला कर्ता नाही.' अकरा पस्तीसला आलं: 'आमच्या टीमकडून चूक झाली.' मी लिहिलं, 'टीममध्ये मीही येते. नेमकं लिहावं.' केबिनच्या काचेपलीकडे त्यांची मान घामाने भिजलेली दिसत होती आणि मला, खोटं कशाला बोलू, गार वाटत होतं. अकरा सत्तेचाळीसला: 'माझ्याकडून चूक झाली.' माझा शेरा: 'चूक आपोआप होत नाही. क्रियापद बदला. आणि दोष कुणावर टाकला?'

अकरा चोपन्नला आलं: 'फॉरमॅट बदलताना मी चूक केली आणि दोष पान लिहिणारीवर टाकला.' पूर्णविरामासकट बरोबर होतं. मी पत्ता आणि कमांड पाठवली. दोन मिनिटांत प्रत थांबली. वेळा वाचल्या.

शेजारच्या टेबलावरची मुलगी, जिला हे काम मीच शिकवलं, सगळं पाहत होती. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ती म्हणाली, "ताई, माझे बाबा आज दोनला मशीनवर आहेत. त्या वेळांच्या यादीत होते."

"माहीत आहे मला."

"साहेबांनी लिहिलं नसतं तर?"

तिला बरं वाटेल असं काहीतरी बोलता आलं असतं. पण गुळमुळीत वाक्यांचा मला त्या दिवशी वीट आला होता.

"तर मी बारा वाजू दिले असते."

तिनं डबा उचलला आणि ती दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली.