दोन हात जमीन

सायबिणीची लाकडी पेटी छातीशी धरून आप्लोन शेजारच्या कायतानच्या घराच्या पायऱ्या चढली, तशी मागून येणाऱ्या लोकांची गाणी थांबली. अकरा वर्षांत तिनं या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं.

पण सायबीण, म्हणजे मारियेची मूर्ती, पेटीतून वाड्यावर घरोघर फिरते, तेव्हा कालच्या घरानं ती शेजाऱ्याच्या हातात स्वतः द्यायची असते. मधलं घर गाळता येत नाही. वाड्यावरच्या इनासनं तोडगा काढला होता, "मी नेतो, तू फाटकाशी थांब." आप्लोननं त्याला उडवून लावलं.

"मी का थांबू? दगड मी सरकवला काय?"

सीमेचा दगड सरकवताना कायतानला भर दुपारी चार जणांनी पाहिलं होतं. तेव्हापासून तो आप्लोनची दोन हात जमीन गिळणारा. यावर त्यानं कधी तोंड उघडलं नाही, आणि गप्प बसणाऱ्याची बाजू वाड्यावर कोण घेणार? गेल्याच रविवारी पाद्रीनं शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगितलं. देवळाबाहेर येताच आप्लोननं जाहीर केलं, की तिनं कायतानला माफ केलंय.

कायतान धुतलेला सदरा घालून दारात उभा होता. आत, अंथरुणाला खिळलेल्या त्याच्या बायकोला, सान्तानला, उशांच्या आधारानं बसवलं होतं. तिचे केस नीट विंचरलेले होते.

"केवढं मन गो आप्लोनचं!" पासकूमावशी मागून म्हणाली. "असल्या माणसाच्या दारात आली."

कायतानचे कान लाल झाले. त्यानं खाली बघतच हात पुढे केले.

आप्लोननं पेटी सोडली नाही. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"कायतान," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "लोकांनी तुला पाहिलं, त्याच्या आदल्या दिवशी तो दगड मीच सरकवला होता. तू फक्त परत जागेवर ठेवलास."

 

"माहीत आहे गो," कायतान म्हणाला. "सान्ताननं खिडकीतून पाहिलं होतं तुला."

"मग बोलला का नाहीस?"

"तीच बोलू देईना. म्हणायची, एकटी बाई आहे, वाड्यावर तोंड दाखवायला जागा राहणार नाही तिला." त्यानं पेटी अलगद आपल्या हातांत घेतली. "आत ये आता. तुझी वाट बघत्येय."