पाणी उतरल्यावरचा सीन

आमच्या सिनेमातला शास्त्रज्ञ गाढव होता. परग्रहावरचं यान आमच्या दिवाळे गावच्या खाडीत पडतं आणि हा पठ्ठ्या तपासणी नाही, चाचणी नाही, थेट मुखवटा काढून श्वास घेतो. वर यानातल्या जनावराला उघड्या हाताने कुरवाळतो. पटकथा माझी, पण ही अक्कल दिग्दर्शक कुलदीपची. माझ्या पानांवर शास्त्रज्ञ भरतीची वाट बघत थांबला होता. कुलदीपने ती पानंच कापली.

“लॉजिक कोण बघतं, भाग्यश्री? तो थांबला तर पब्लिक झोपेल.”

“पण इतका शिकलेला माणूस असं का करेल, एवढं तरी सांग.”

“मला सीन पाहिजे म्हणून.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. शूटिंगच्या दिवशी सकाळीच मी निर्मात्यांना मेल टाकला, माझं नाव काढा. घरी मात्र बोलले नाही. पोरीचं नाव पडद्यावर येणार, हे बाबांनी अख्ख्या दिवाळ्यात सांगून ठेवलं होतं. शूटिंगला होडीही त्यांनी आपलीच दिली होती. आमचं घर तिच्यावरच चालतं.

दुपारी तीनला पाणी उतरायला लागलं. बाबा कुलदीपला म्हणाले, “आता नको. होरी जुन्या खुंटांवर बसंल.” जाळी बांधायचे ते खुंट चिखलात कुठे आहेत, हे बाबा डोळे मिटून सांगतात.

“काका, ऊन गेलं की हा सीनच काढावा लागेल. भाग्यश्रीने लिहिलेला हा एकच तर उरलाय.”

धादांत खोटं. हा सीन त्याचा होता. मेलचं बाबांना तिथेच सांगायला हवं होतं. पण मला भांडायची भारी हौस. मी कुलदीपवर तुटून पडले, त्याची अक्कल काढली, त्याच्या शास्त्रज्ञाची काढली. दमून वळले तेव्हा बाबांनी नटांना बसवून होडीचा दोर सोडला होता.

अर्ध्या तासात होडी खुंटावर बसली. फळी उभी चिरली. नटांना कमरेएवढ्या चिखलातून ओढत आणलं. कॅमेरा चालूच होता. कुलदीप खूश होऊन म्हणाला, “काय रिअल आलंय.” मला त्यालाच खाडीत बुडवावंसं वाटलं.

माझा फोन वाजला. निर्मात्यांचं उत्तर होतं, नाव काढलं आहे.

बाबा चिरेत बोटं घालून बघत होते. मी चिखलात उतरून त्यांच्याजवळ गेले.

“बाबा, ओहोटी तुला दिसत नवती?”

“दिसत हती.”

“मग का गेलास?”

“तुजा सीन गेला असता तं नाव कशावर आलं असतं?” त्यांनी हात पाण्यात धुतले. “मोठ्या अक्षरांत येल ना?”

“येल,” मी म्हणाले.