विरघळणारा दगड

भूशास्त्राच्या बाईंनी चुनखडीच्या खड्यावर व्हिनेगरचे थेंब सोडले आणि खडा फसफसायला लागला, तसा सातवीचा अख्खा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला. "दगडाला फेस आला!" कुणीतरी ओरडलं. "बाई, तो दात घासतोय!" मागून दुसरं कुणीतरी म्हणालं, आणि बाईंनासुद्धा हसू आवरेना. हसली नाही ती एकटी शंकी.

शंकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. बोलायला लागल्यापासून तिचं "पण का?" संपत नसे, म्हणून बाबांनी तिला शंकासूर म्हणायला सुरुवात केली आणि घासून घासून त्याचं शंकी झालं.

"आंबट पाणी लागलं की चुनखडी विरत जाते," बाई सांगत होत्या. "डोंगरांच्या पोटात मोठमोठ्या गुहा असतात ना, त्या अशाच झालेल्या. घाई नाही, गडबड नाही. थेंब थेंब पाणी झिरपतं आणि दगड वाहून जातो."

"बाई, लिंबाच्या रसानं होईल?" शंकीनं विचारलं.

"होईल की. घरी करून बघ. फक्त आईला विचारून, नाहीतर माझ्या नावानं खडे फोडतील."

शंकी घरी गेली ती जवळजवळ पळतच.

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले होते. हल्ली ते तिथेच असत. स्वयंपाकघराच्या ओट्यांवर बसवायच्या लाद्या कापण्याच्या कारखान्यात ते कामाला होते. कड घासण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. सगळे त्यांना उस्तादच म्हणत. पण खोकला आला तो जाईना. जिन्याच्या मधल्या वळणावर थांबून ते उगीचच रस्त्याकडे बघत उभे राहायला लागले, तेव्हा आईनं त्यांना बळेबळे डॉक्टरांकडे नेलं. छातीत दगडाची धूळ बसलीय, काम बंद करा, असं डॉक्टर म्हणाले. एवढं शंकीला सांगितलं होतं. आणखी काही डॉक्टरांनी आईला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं होतं. ते आईनं घरी आणलंच नाही.

"बाबा, दगड विरघळतो!" शंकीनं दप्तर भिरकावलं.

"आधी पाय धू. मग दगड विरघळव."

दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून तिथे संगमरवराचा एक तुकडा ठेवलेला असे. शंकीनं तो उचलला, जुन्या सुरीनं खरवडला, भुकटी बशीत घेतली आणि तिच्यावर लिंबू पिळलं. भुकटी फसफसली. बारीक बारीक बुडबुडे वर आले, फुटले, आणि बशीत नुसतं ढगाळ पाणी उरलं.

बाबा खुर्चीतून पुढे वाकले. "च्यायला," ते हळूच म्हणाले. आई समोर आहे हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

"दिवेलागणीच्या वेळेला तोंड कसलं हे!" आई म्हणाली, पण तीही ओला हात पदराला पुसत बशीपाशी येऊन उभी राहिली होती. बराच वेळ बघत राहिली.

"कळलं ना?" शंकीचा आवाज चिरकला होता. "रोज सकाळी लिंबाचं पाणी घ्यायचं. थोडं थोडं विरणार. बाई म्हणाल्या, डोंगरसुद्धा विरतात."

"डोंगर पोकळ होतात म्हणजे," बाबा म्हणाले. "मला पोकळ करणार काय गं तू?" आणि ते हसले. हसता हसता खोकले, पण त्या दिवशी तो खोकलासुद्धा घरात कुणाला तितका लागला नाही.

दुसऱ्या दिवसापासून शंकीनं नेम धरला. आई पहाटे उठून अंघोळ करून देवापुढे बसे, तिचं पुटपुटणं संपेपर्यंत घरात कुणी बोलत नसे. शंकी त्याच वेळी उठायला लागली. कोमट पाण्यात लिंबू पिळायचं, बी काढायची, गाळून पेला बाबांच्या हातात द्यायचा, आणि तो रिकामा होईपर्यंत समोर उभं राहायचं. बाबा तोंड वेडंवाकडं करत, "अगं माझे दात विरघळतील आधी," म्हणत, पण घेत. एकदा तिला ताप भरला होता तरी ती भिंतीला धरून उठली. आईनं तिला रागावलं नाही. नेम म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं.

आणि खरोखरच बाबांना बरं वाटायला लागलं. ते जिना न थांबता चढले. त्या दिवशी आई देवापुढे जरा जास्त वेळ बसली. धुळीपासून लांब, घरी पडून राहिल्यानं उतार पडला असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. आलं असेल तर कुणी बोललं नाही.

अशातच एका रविवारी कारखान्यातला लंबू भेटायला आला. दारातून वाकून येण्याची त्याला सवय होती. वाकायची गरज नसेल तिथेही तो वाकत असे.

"वहिनी, उस्तादांना लपवून ठेवलंत की काय? तिकडे नवा पोरगा कडा घासतो. ओटा आहे की करवत तेच कळत नाही. गिऱ्हाईक बोट कापून घेईल."

"त्याला म्हणावं, पाणी बंद करून घास," बाबा म्हणाले.

"तेच सांगतो. पाणी सोडून घासतो गाढव. पेन्सिलीची रेघ धुऊन जाते, चिखल उडतो, कड दिसणार कशी? शेवटचा हात कोरडाच मारावा लागतो. पण हल्लीची पोरं, तोंडाला फडकं बांधून नवरीसारखी बसतात."

दोघं खूप हसले. मग बाबा म्हणाले, "सोमवारनंतर येतोच. आमच्या शास्त्रज्ञबाईंनी इलाज काढलाय." आणि त्यांनी शंकीकडे अशा कौतुकानं पाहिलं की तिला कुठे बघावं कळेना. आई आत निघून गेली. लिंबाची टोपली तिनं उगीचच फडताळात मागे सारली.

सोमवारी भूशास्त्राच्या तासाला बाईंनी खणाखणांची लाकडी पेटी उघडली. आज दगडांचा कठीणपणा शिकायचा होता. कुठला दगड नखानं खरवडला जातो, कुठला सुरीनं, कुठला काचेवर चरा पाडतो. संगमरवर सुरीनं खरवडला गेला. मग बाईंनी एक पांढरट, काचेसारखा चमकणारा खडा घेतला. सुरीच बोथट झाली. खड्यावर तिचाच करडा माग राहिला.

"ही गारगोटी. शास्त्रात हिला क्वार्ट्झ म्हणतात. नदीकाठची वाळू बहुतेक हीच असते. बाकीचे दगड झिजले, कुजले, विरले. ही तेवढी शिल्लक राहते. संगमरवर चुनखडीच्या जातीचा, ही वेगळी. हल्ली ओट्यांना जी कारखान्यातली तयार लादी बसवतात ना, ती हिचाच चुरा डिंकासारख्या चिकट द्रवात घट्ट बसवून करतात. म्हणून तिच्यावर लिंबू सांडलं तरी डाग पडत नाही."

शंकीचा हात आपोआप वर गेला.

"बाई, मग ती कशानं विरघळते?"

"लिंबानं नाही, व्हिनेगरनंही नाही."

"पण कशानं तरी?"

"एक आम्ल आहे. पण ते इतकं भयंकर की माणसाचं मांस आणि हाड आधी खाईल."

"आणि नुसत्या पाण्यानं? हळूहळू? थेंब थेंब?"

"त्याला इतका काळ लागेल की तेवढ्यात डोंगर झिजतील." बाईंचा चेहरा उजळला होता. "ऐका रे सगळे. याला म्हणतात प्रश्न. अख्ख्या वर्षात असा प्रश्न मला कुणी विचारला नाही. टाळ्या वाजवा हिच्यासाठी."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. शेजारच्या मुलीनं तिच्या पाठीत धपाटा घातला. शंकी उभीच राहिली होती. बस म्हटल्यावर बसली.

बाबा पूर्वी संगमरवर कापत. ती लहान असताना. दारातला तुकडा तेव्हाचा होता. नंतर लोकांना डाग न पडणारे ओटे हवे झाले आणि कारखान्यात नव्या लाद्या आल्या. हे तिला माहीत होतं. माहीत असून तिनं चुकीचा दगड खरवडला होता.

घरी आल्यावर तिनं बाबांचे कामाचे कपडे काढले. आईनं कितीदा तरी धुतले होते, पण पँटच्या खालच्या दुमडीत शिवणीला चिकटून पांढरी पूड अजून होती. तिनं ती काढून बशीत घेतली. लिंबू पिळलं. काहीच झालं नाही. आणखी एक पिळलं. पूड रसाच्या तळाशी गपगार बसून राहिली. बशी तिनं कपाटामागे ठेवली आणि सकाळी उठून पुन्हा पाहिली. तशीच होती.

मागे आई उभी होती. तिची अंघोळ झालेली होती, केसांतून पाणी ठिबकत होतं.

"ते विरत नाही आई. बाबांचं वेगळं आहे."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी. तेव्हाच. आत गेलं ते निघत नाही म्हणाले."

"मग तू रोज लिंबं का आणत होतीस?"

"तू उठत होतीस ना पहाटेची, म्हणून," आई म्हणाली. मग देवाकडे न बघता ती म्हणाली, "मीही आता तिथे काही मागत नाही. नुसती बसते. बसायची सवय आहे म्हणून."

शंकीला आईचं हे बोलणं दगडापेक्षा भयंकर वाटलं.

पण बाबांना सांगायला तर हवंच होतं. ते कामावर जायचं म्हणत होते ते तिच्या लिंबाच्या भरवशावर. सांगितलं म्हणजे जाणार नाहीत. ती बशी घेऊन त्यांच्यासमोर गेली आणि जे बाई बोलल्या ते सगळं सांगितलं. सुरीचं, वाळूचं, कपड्यांतल्या पुडीचं. टाळ्यांचं तेवढं सांगितलं नाही.

बाबांनी बशी तिरकी करून पाहिली. पूड रसाबरोबर हलली आणि पुन्हा खाली बसली.

"म्हणजे आत गेलं ते गेलंच."

"हो. पण तुम्ही घरी राहिलात तर आणखी जाणार नाही, बाबा. आहे तेवढंच राहील."

"आणि आहे ते?"

शंकीच्या आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी प्रश्न विचारत होतं आणि उत्तर येत असून देववत नव्हतं.

"शंके, या खुर्चीत बसून मी दिवसभर काय करतो माहीत आहे? स्वतःचा श्वास ऐकतो. आत गेला, बाहेर आला. कुठे अडकला, कुठे शीळ घातली. लिंबाचं चाललं होतं तोवर ऐकायला बरं वाटायचं. बरा होतोय का बघायचो. आता काय ऐकू?" त्यांनी बशी खाली ठेवली. "तिथे मशीन चालू झालं की काही ऐकू येत नाही."

"अहो, असं काय बोलता पोरीपुढे!" आई दारातून म्हणाली.

"तिनंच आणलंय शिकून. मी काय बोलतोय त्याच्यापुढे?"

"मी खोटं बोलले," शंकी ओरडली. "मला नीट समजलं नव्हतं. बाई तसं नाही म्हणाल्या. विरतं ते, बाबा. विरतं!"

बाबांनी तिला जवळ ओढलं आणि तिचं डोकं आपल्या छातीवर दाबून धरलं. ते तिला समजवायला असावं, पण तिथे तिला ती शीळ स्पष्ट ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कामाचे कपडे चढवले. आई आडवी आली नाही. शंकी शाळेच्या रस्त्यानं न जाता त्यांच्यामागे गेली. कारखान्याच्या फाटकाशी लंबू ओरडला, "आले आले! गिऱ्हाइकांनो, आता तुमची बोटं वाचली!" आणि आतून हसण्याचा गलका उठला. कुणीतरी बाबांच्या पाठीवर थाप मारली. बाबा ताठ उभे राहिले, घरात कधी राहत नसत तसे. लादीवर वाकून त्यांनी रेघ तपासली, पाण्याचा नळ बंद केला आणि मशीन सुरू केलं.

"बाबा!" ती ओरडली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. पांढऱ्या लोटात बाबा दिसेनासे झाले. मग एकदा मान वर झाली. भुवया, पापण्या, मिशा, सगळं पांढरं. त्यांनी तिला पाहिलं, दात दाखवून हसले आणि शाळेत जा म्हणून हात केला.

वर्गात ती पोचली तेव्हा तास सुरू झाला होता. "ये ये," बाई लाडानं म्हणाल्या. "तुझ्यावाचूनच सुरुवात करावी लागली." त्यांनी काचेच्या उंच बरणीत पाणी घेऊन त्यात मूठभर धूळ टाकली होती. गढूळ पाणी निवळत होतं आणि तळाशी थर साचत होता.

"असं बारीक बारीक खाली बसत जातं," बाई म्हणाल्या. "एकावर एक थर. खालचे वरच्यांच्या भारानं दाबले जातात, आणि शेवटी त्याचाच दगड होतो. आता सांगा, याला किती काळ लागत असेल?" त्यांनी वर्गावरून नजर फिरवली आणि ती शंकीवर आणून ठेवली. "तू सांग. तुला येईल."

शंकी उठली. "फार नाही लागत, बाई."

वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या, पण मायेनं.

"अगं, लाखो वर्षं लागतात. लाखो! आज लक्ष कुठे आहे तुझं?"

"हो बाई," शंकी म्हणाली आणि खाली बसली.