तांत हेस्टरची शिदोरी

मेरेल्डा विद्यापीठात जाऊन आफ्रिकान्स शिकते, हे गावाला पटतच नव्हतं. पटणार तरी कसं? आफ्रिकान्स ही गावाची मायबोली, ती कोंबड्यांनाही कळते. "माशाला पोहायचा क्लास लावलाय," असं ओम फ्लोर्स, म्हणजे फ्लोर्सकाका, दर रविवारी चर्चबाहेर म्हणायचे. सोबत डच आणि जर्मनही आहे, असं तिनं एकदा सांगून पाहिलं. "वा! म्हणजे तीन भाषांत बेकार," ओम म्हणाले.

फी भरायची तिची आत्या, तांत हेस्टर. तांतच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी होत्या, आणि डोंगर चढायला येणारे बहुतेक पाहुणे जर्मन. सुट्टीत मेरेल्डा घरी आली तेव्हा वेबर नवरा-बायको उतरले होते. ते दरवर्षी यायचे.

तांतनं सरळच सांगितलं, "उद्या ते निघतायत. आपसात काय बोलतात ते ऐक आणि मला सांग. उपयोग दिसला तर जा परत. नाहीतर शेतात रॉयबॉस चहाच्या कापणीला माणसं कमीच आहेत."

मेरेल्डाची झोप उडाली. शेतावर राबायला तिची ना नव्हती, पण तिला पुस्तकं हवी होती.

तांतचा एक नेम होता. तिच्या दारातून कुणी शिदोरीशिवाय जायचं नाही. उकडलेली अंडी, खिम्याचे गोळे, निखाऱ्यावर भाजलेले पाव, सगळं इस्त्री केलेल्या फडक्यात बांधलेलं. पाहुणा रिकाम्या हातानं गेला तर घराची अब्रू गेली. त्यासाठी ती पहाटेच उठायची.

सकाळी गाडीत सामान चढलं. वेबरबाईंनी गाठोडं छातीशी धरलं, हसल्या, आणि तशाच हसत नवऱ्याला काहीतरी म्हणाल्या. मेरेल्डाला शब्द न् शब्द कळला. एवढं जर्मन एका दमात पहिल्यांदाच कळलं होतं, पण मेला आनंद काही होईना.

गाडी गेली.

"काय म्हणाली गं?"

"छान आहे म्हणाल्या."

"ते तर तिच्या तोंडावरच दिसत होतं! त्यासाठी वर्षभर शिकलीस? उद्यापासून कापणीला चल."

आत्याचं मन राखावं तर शिक्षण जातंय, आणि शिक्षण राखावं तर आत्याचं मन. शेवटी तिनं मान खाली घातली.

"तांत, रागवू नका. त्या म्हणाल्या, या वर्षीही घाटातल्या वळणावरच्या कुत्र्यालाच देऊ. बिचारा वाट बघत असेल."

घाटातल्या वळणावर ओम फ्लोर्सचा मेंढवाडा होता. तिथला त्यांचा कुत्रा अंगानं इतका सुटला होता की मेंढ्यांनाच त्याची राखण करावी लागे. कुत्र्याचे फाजील लाड करतोस म्हणून तांतनं ओमना अख्ख्या गावासमोर झापलंही होतं.

तांत पायरीवर बसली. बराच वेळ एप्रनच्या कडेशी चाळा करत राहिली. मेरेल्डाला वाटलं, आपण ही भाषा शिकलोच नसतो तर बरं झालं असतं.

"पुढच्या वर्षी येणारेत?" तांतनं विचारलं.

"हो. खोली ठेवा म्हणालेत."

"मग तू जा. शीक." तांत गुडघ्यावर हात टेकून उठली. "पण जायच्या आधी मला एक वाक्य जर्मनमध्ये पाठ करून दे."

"कुठलं?"

"इथंच बसून खा. मी बघतेय."